अंतराळातला सरवा

शेतातलं पीक मालकानं उचलून नेलं, त्याची बैलबंडी रस्त्याला लागली, आणि मागे मातीत चार शेंगा राहिल्या, तर त्या शेंगा कोणाच्या?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि माझं जहाज फुटलं.

जहाज हा शब्द वाचून गोंधळू नका. वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. हे जहाज इंटरनेटवरच्या एका खेळातलं होतं. तो खेळ अंतराळात चालतो, इतक्या मोठ्या अंतराळात की त्यातले सगळे तारे पाहून झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. या खेळात शिरले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. पुढे जे झालं ते माझ्या बापाच्या धंद्यामुळे झालं, म्हणून आधी त्या धंद्याबद्दल सांगते.

वाशीमकडच्या मालेगावात आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, तेरवीचे कार्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स यावर घर चालतं. पण बाबांचा जीव पत्रकांत. दारूबंदीचं पत्रक, बुवाबाजीच्या विरोधातलं पत्रक, बाजाराच्या दिवशी बायांसाठी मुतारी हवी याचं पत्रक. जास्तीची छापलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांची मागची बाजू कोरी असायची. मी पाढे दारूबंदीच्या पाठीवर लिहिले आणि भूगोल बुवाबाजीच्या पाठीवर. कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचायची. माझं वाचन तिथे सुरू झालं, आणि आवाज चढवून लिहायची सवयही तिथलीच.

पत्रक कसं लिहायचं याचे बाबांचे नियम ठरलेले आहेत. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला सवाल करायचा. मधात शिवी द्यायची नाही. आणि शेवटी एकच काम सांगायचं, तेही त्याला उद्या सकाळपर्यंत करता येईल असं.

"क्रांती करा, असं लिहू नोको," बाबा म्हणतात. "माणूस वाचते, मान हालवते, अन् पोहे खाते."

लग्नसराई संपली की दुकानातला कॉम्प्युटर रिकामा होतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, धान्याच्या मोंढ्यातली माणसंसुद्धा झोपलेली असतात. अशाच दिवसांत मी या खेळाबद्दल वाचलं. त्यात राजा नाही, गोष्ट नाही, कोणाला वाचवायचं नाही. जगभरातली हजारो माणसं एकाच आकाशात उतरतात आणि बाजार, कायदे, तह, भांडणं सगळं आपलं आपण उभं करतात. राज्यघटना लिहिलेली नाही आणि माणसं मात्र हजारो, अशा ठिकाणी काय होत असेल? मला ते बघायचंच होतं. खेळ फुकट होता, पण कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला फार वेळ लागला, कारण तो अर्धा उतरला की लाइन जायची आणि मी विद्युत मंडळावर मनातल्या मनात एक पत्रक लिहायची.

शेवटी एका दुपारी मी अंतराळात पोचले.

पोचले आणि हरवले. मला एक मुठीएवढं जहाज मिळालं होतं. नकाशा उघडला, तर ज्वारीचं पोतं फाटून दाणे पसरावेत तसे तारे. कोणता कुठला, काही कळेना. आपल्याकडे रस्ता चुकला तर पानटपरी असते. "शेलूबाजारले कसं जाऊ?" विचारलं की टपरीवाला हात लांब करून "हे पाय, सीधे" म्हणतो. अंतराळात सीधे सगळीकडेच आहे. मी एक चांगला ठळक तारा निवडला, जहाजाचं तोंड त्याच्याकडे केलं आणि निघाले. बराच वेळ गेला. तारा होता तेवढाच राहिला.

बाबा चहा घेऊन आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"कुठी चालली?"

"त्या ताऱ्यावर."

"जवळ आला काय?"

"नाही."

"मंग फाटा चुकला तुहा," बाबा म्हणाले आणि चहा ठेवून गेले.

ते गंमत करत होते, पण निघालं अगदी तसंच. या खेळात एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर सरळ जाता येतच नाही. मधे मोठमोठाली गोल कडी उभी आहेत. त्यांच्यापाशी जायचं, आत शिरायचं, की पलीकडच्या ताऱ्यापाशी निघता. म्हणजे फाटे. आमचा जिल्हा फाट्यांवर चालतो. गाव आत असतं, फाटा रस्त्यावर, आणि एसटीतून उतरणारा माणूस आधी फाट्याचं नाव घेतो. तेवढं कळल्यावर माझी भीती गेली. ताऱ्यांना खेळानं दिलेली नावं जिभेवर बसत नव्हती, मी त्यांना आपली नावं दिली. जिथे मोठा बाजार आणि सगळी कामं, ते वाशीम. जिथे चारही बाजूंची वाहनं येऊन थांबतात आणि पुढे जायच्या आधी माणूस जरा सावध होतो, ते शेलूबाजार. त्याच्याही पुढे एक तारा होता, एकच फाटा असलेला, तिथे कोणी सहसा जात नसे आणि दगडांचा एक पट्टा शांत तरंगत असे. त्याला मी आमचं गाव म्हणू लागले.

या दगडांत धातू असतो. दगड फोडायचा, धातू विकायचा, मोठं जहाज घ्यायचं. नवशिक्यांचं हेच काम. मी दगडापाशी गेले आणि थांबले. समोरचा दगड कोणाचा आहे ते माहीत नव्हतं. त्या भागातल्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "हा दगड कोणाचा हाये काय? फोडू काय?"

परक्या भाषांमधून प्रश्नचिन्हं आली. मग एक ओळ मराठीत आली.

"फोड बाई, फोड. दगडाला मालक नसतो इथं. कुठली गं तू?"

ती अक्का. कोल्हापूरकडची, एका दवाखान्यात नर्स, सुट्टीच्या दिवशी अंतराळात. तिला सगळे अक्काच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिनं मराठी बोलणाऱ्यांचा एक लहानसा गट केला होता, त्याला ते टोळी म्हणायचे. टोळी म्हटलं की आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी टोळी डोळ्यासमोर येते, मुकादमासकट. इथे मुकादम नव्हता. अक्का सांगायची आणि न पटलेला माणूस वाद घालायचा. वाद घालण्यात एक पुण्याचा दादा पुढे होता. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, पण खेळाचे सगळे नियम त्याला तोंडपाठ, म्हणून त्याचं नाव पडलं होतं वकीलसाहेब.

"तुला प्रत्येक दगडाला विचारायची गरज नाही," वकीलसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी कानातल्या यंत्रातून समजावलं. "नियमात तसं नाहीये."

"नियम कोणी केले?"

मग अक्का हसली. "घ्या. आता दोन वकील झाले."

टोळीनं मला दगड फोडायचं एक बरं जहाज दिलं. मी दुपारी दुकानात बसून दगड फोडत असायची. एकदा आई डबा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हे काय करून राह्यली वो तू?"

"दगड फोडते."

"एवढं शिकून?" आई म्हणाली. "थे तं रोजगार हमीवर बी भेटलं असतं."

पण ती बसली. मी कोणता फाटा कुठला ते दाखवलं. आमचं गाव दाखवलं. तिला ते आवडलं, फक्त विहीर कुठे आहे ते तिनं विचारलं.

असं सगळं नीट चाललं होतं. मग एका दुपारी आमच्या गावात, म्हणजे त्या एका फाट्याच्या ताऱ्यावर, मोठी जहाजं आली.

ती एका मोठ्या गटाची होती, परदेशातली. या ताऱ्यापाशी कधी कधी लुटारू लपलेले असतात, त्यांना माणूस नाही, खेळच चालवतो. या मोठ्या जहाजांनी लुटारूंची जहाजं फोडली, त्यातला भारी माल काढून घेतला आणि बारीकसारीक तसंच सांगाड्यांत ठेवून फाट्याकडे वळली. मी दगडांच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होते. आणि माझ्या अंगात लहानपण जागं झालं.

आमच्याकडे सोयाबीन काढून नेलं की शेतात शेंगा गळून राहतात. त्या वेचायला बाया-पोरी जातात. त्याला सरवा म्हणतात. मामाच्या गावी आईबरोबर मीही गेले आहे. ओटीत शेंगा, बोटांना काट्याकुट्याची खरखर, आणि बायांच्या गप्पा अशा की पोरींना मुद्दाम पुढे पाठवायचे. सरवा वेचणारीला कोणी चोर म्हणत नाही. तो तिचा हक्क असतो. एकच रीत पाळायची. मालकाचं पीक निघेपर्यंत शेतात पाय टाकायचा नाही, धुऱ्यावर बसून राहायचं. धुरा म्हणजे शेताचा बांध.

मी रीत पाळली. जहाजं फाट्यापाशी पोचेपर्यंत हलले नाही. लिहिलंसुद्धा, "झालं काय तुमचं? सरवा वेचू काय?" उत्तर आलं नाही. जहाजं निघून गेली. मी पुढे गेले आणि सांगाड्यांमधले तुकडे वेचू लागले. वायरी, पत्रे, जळकी यंत्रं. भारी आनंद होत होता.

पडद्यावर माझं नाव पिवळं झालं.

पिवळं म्हणजे आमच्याकडे हळद. मला वाटलं, काहीतरी शुभ झालं असावं.

या खेळात पिवळं म्हणजे चोर. ज्यानं सांगाडा केला, सांगाडा त्याचा, तो निघून गेला तरी त्याचाच. दुसऱ्यानं हात लावला की त्याचं नाव पिवळं होतं आणि दिसेल त्यानं त्याला मारावं अशी मोकळीक मिळते. हे मला टोळीच्या जहाजाचा भडका उडाल्यावर कळलं. गेलेल्यांपैकी एक जण काहीतरी विसरलं म्हणून परत आला होता. एका दणक्यात काम झालं. मी एका डबीएवढ्या यानात उरले आणि माझ्याभोवती माझाच सरवा तरंगत होता.

गोष्ट इथे संपली नाही. मोठ्या गटाचा निरोप अक्काला आला. तुमच्यात एक चोर आहे. रविवारपर्यंत तिला काढा, नाहीतर तुमच्या प्रत्येक जहाजाला आम्ही चोर समजू.

त्या संध्याकाळी सगळे बोलायला जमलो.

"सोपं आहे," वकीलसाहेब म्हणाले. "चुकून क्लिक झालं असं लिहून टाक. रोज शंभर नवशिके तेच लिहितात. ते माफ करतील, विषय संपेल."

"चुकून नाही झालं. मी वेचलं."

"हो, पण तसं लिहायची काय गरज आहे?"

"कारण मी वेचलं."

"अगं बाई," अक्का म्हणाली, "त्यांच्याकडं जहाजांची जत्रा हाय. आपल्याकडं काय? तुझी एक डबी."

"मी खोटं लिहिणार नाही. सरवा वेचणं चोरी नाही."

"मग रविवारी दुपारी सगळे बसू आणि मत घेऊ," अक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला तुला काढायचं न्हाई. पण बाकीच्यांची जहाजं बी त्यांच्या कष्टाची हाईत."

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला फार लागलं. मालेगावात मी काहीही बोलले तरी लोक म्हणतात, "पत्रकवाल्याची पोरगी हाये, बोलणारच." टोळीत माझा बाप कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. तिथे माझ्याशी माझ्या बोलण्यावरून भांडत होते. तेवढ्या मोठ्या आकाशात मला ती एकच जागा सापडली होती, आणि एक खोटी ओळ लिहिली की ती टिकणार होती. ती ओळ लिहायचा विचार मी केला नाही असं नाही. पण दारूबंदीच्या पाठीवर पाढे लिहिलेल्या हाताला ते जमेना.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहायला घेतलं.

लिहिलेलं बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन काढला. अंतराळ असो की आठवडी बाजार, पत्रक समोर आलं की बाबा पेन काढतात.

"जागतिक भांडवलशाहीचा हिंस्र चेहरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे काट."

"काहून?"

"तुहं जहाज फोडलं थो एक माणूस होता. भांडवलशाही कुठी होती तठी?"

"बाबा, तत्त्व म्हणून."

"तत्त्व असू दे. पण ज्याले वाचाले देतं, त्यालेच पयल्या ओळीत हिंस्र म्हणतं. थो दुसरी वाचन काय?"

काटलं. पुढे त्यांनी "लुटारूंची अवलाद" काटलं, "इतिहास तुम्हाला माफ करणार नाही" काटलं. पत्रक अर्धं झालं. शेवटची ओळ वाचून ते थांबले.

"मागे राहिलेल्या सर्व संपत्तीवर सर्वांचा समान हक्क मान्य करा," बाबांनी वाचलं. "हे त्यानं उद्या सकाळी कसं करावं?"

आई तिथेच पत्रिकांच्या घड्या घालत होती. तिला सगळी हकीकत माहीत होती, कारण दोन दिवस मी दुसरं काही बोललेच नव्हते.

"तू म्हणून राह्यली तू रीत पाळली," ती म्हणाली. "त्यानं हाक मारली काय?"

"कोणती हाक?"

"घ्या. मामाच्या गावी जाये तवा काय झोपून राहे काय तू? बंडी भरली की मालक धुऱ्याकडे पाहून म्हणते, या वो बायाहो. मंग आपण उठतो. त्यानं या म्हटल्याबगर कोणती बाई उठली, सांग."

"मी विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं नाही."

"उत्तर देल्लं नाही म्हणजे हो म्हटलं, हे कोणत्या पत्रकात छापलं?"

बाबा हसले. मग माझ्याकडे बघून त्यांना वाटलं की आपण जरा जास्तच हसलो, आणि ते पोरीच्या बाजूनं उभे राहिले. "पण बोलावणं हे मालकाचं काम हाये. थो मुकाट निघून गेला, मंग बायानं किती दिस धुऱ्यावर बसावं?"

"त्याले बोलता येते काय पण तठी?" आईनं विचारलं. "का फक्त बंदुका मारता येतात?"

भांडण त्यांच्या दोघांचं चाललं होतं आणि माझ्या डोक्यात आईचा प्रश्न अडकला. मालकाला तिथे "या" म्हणता येतं का? मी कॉम्प्युटर लावला, दुसरं एक भंगार जहाज घेऊन आमच्या गावी गेले, एक फालतू लुटारू कसाबसा फोडला आणि त्या सांगाड्यावर माउसचं उजवं बटण दाबलं. लांबलचक यादी उघडली. ती मी कधी खालपर्यंत वाचली नव्हती. अगदी शेवटी एक ओळ होती. हा सांगाडा सोडून द्या. ती दाबली, तर सांगाड्याची खूण निळी झाली. निळी खूण म्हणजे आता कोणीही घ्यावं, कोणी पिवळं होणार नाही.

खेळ तयार करणाऱ्या माणसांनी ती हाक मारायची सोय करून ठेवली होती. मारत कोणी नव्हतं.

मी बाबांकडे वळले. "शेवटची ओळ मिळाली."

रविवारी दुपारी टोळी जमली. मी पत्रक मोठ्यानं वाचलं. सुरुवात तीच, जी तुम्ही वर वाचली. मग सरवा म्हणजे काय, धुरा म्हणजे काय. मग असं, की मी तुमच्या सांगाड्यातलं वेचलं, चुकून नाही, जाणूनबुजून वेचलं, कारण आमच्याकडे मागे राहिलेलं वेचणारीचं असतं. आमच्याकडे मालक जाताना हाक मारतो. तुमची हाक आली नव्हती, तरी मी उठले, एवढं तुमचं म्हणणं मला मान्य. पण तुम्हाला हाक मारायची सोय आहे आणि तुम्ही ती मारत नाही, हे माझं म्हणणं. शेवटची ओळ एका कामाची. जाताना, जे न्यायचं नाही त्याची खूण निळी करा.

वाचून झालं. आमच्या दुकानाबाहेर एक मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिच्या किका टोळीलाही ऐकू जात असाव्यात.

"यात एक अडचण आहे," वकीलसाहेब म्हणाले. "हे मराठीत आहे. त्यांना कळणार नाही."

"मग?"

"मग मी इंग्रजी करतो. पण सरवा या शब्दाला मला एका शब्दात चांगलं इंग्रजी सापडत नाहीये, तो तसाच ठेवतो. आणि मूळ लेखनात सरवा की सर्वा, ते आधी ठरवा."

"अरे देवा," अक्का म्हणाली. "मत कोणाचं काय, ते बोला आधी."

मतं झाली. मला टोळीत ठेवायचं ठरलं, पत्रक पाठवायचं ठरलं आणि लढाई झालीच तर अक्काची नाइट ड्यूटी बघून करायची असंही ठरलं. खोटी ओळ सुचवणारे वकीलसाहेब दुपारभर इंग्रजी घोटत बसले. मला वाटतं, बाबांनी त्यांच्या दोन-तीन ओळी नक्की काटल्या असत्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माझ्या जहाजाचा भडका उडवणाऱ्या माणसानंच ते लिहिलं होतं, आणि त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं, ते बघून मला बरं वाटलं. लिहिलं होतं, "लढाई नाही. तिला टोळीत राहू दे. आम्हाला ती ओळ माहीत होती, दाबायचा आळस. पण पुढच्या वेळी उत्तर येईपर्यंत थांब."

मी लगेच लिहिलं, "थांबते. तुम्ही उत्तर द्या."

"आता गप बस की गं जरा," कानात अक्काचा आवाज आला, पण ती हसत होती.

त्यानंतर पोळा झाला, गणपतीची पत्रकं छापून झाली, दुकानात पुन्हा गर्दी होऊ लागली. मला खेळायला कमी वेळ मिळे. अशाच एका रिकाम्या दुपारी मी आमच्या गावी दगड फोडत होते आणि तीच मोठी जहाजं आली. त्यांनी त्यांचं काम केलं. मी कडेला थांबून राहिले, हात माउसवरून काढून. आई डबा घेऊन आली होती, तीही उभ्यानं बघत होती. जहाजं फाट्याकडे वळली. मग एकेका सांगाड्याची खूण बदलत गेली, निळी, निळी, निळी. आणि सगळ्यांना दिसणाऱ्या जागेत एक ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगची: सारवा.

वकीलसाहेबांनी ते स्पेलिंग दुरुस्त करणारा निरोप त्यांना पाठवला, हे मला नंतर कळलं.

"काय म्हणते थो?" आईनं विचारलं.

"या म्हणते."

"मंग उठ ना बाई," आई म्हणाली. "पाहून काय राह्यली?"

आता टोळीत सगळे तसं करतात. काम आटोपलं की खुणा निळ्या करायच्या आणि लिहायचं, सरवा. नवशिकी माणसं विचारतात, हा शब्द कुठला? अक्का सांगते, वाशीमचा. तो फक्त वाशीमचा नाही हे मला माहीत आहे, पण मी तिची चूक सुधारत नाही.

बाबांचा नियम मोडता येत नाही, म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. तुम्ही अंतराळात नसाल, शेतातही नसाल. पण उद्या तुमचं कुठलं तरी काम आटोपेल, मांडव उतरेल, पंगत उठेल, ऑफिसातली कपाटं रिकामी होतील, आणि तुम्हाला न्यायचं नाही असं काही मागे उरेल. मुकाट निघून जाऊ नका. निघायच्या आधी एकदा धुऱ्याकडे बघा, तिथे जे कोणी बसलं असेल त्याच्याकडे बघा, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, या.